बोरीच्या मेंढपाळानं पाहिलेलं विमान

चहाच्या टपरीवर म्हस्कूनं ऐटीत मारलेली थाप त्याच्याआधीच मंचरला पोचली होती. जनावरांच्या दवाखान्यासमोर तो कोकरू छातीशी धरून रांगेत उभा होता, शेजारी बायको गजराबाई. पुढं दोघं बोलत होते.

"लष्कराचं विमान बोरीजवळ पडलं, पण पायलट आधीच उडी मारून मोकळा! भित्रा कुठला."

"कोण म्हणतं?"

"बोरीच्या मेंढपाळानं डोळ्यांनी पाह्यलंय राव. खाली वस्ती दिसत असून गड्यानं विमान सोडलं."

"आई त्याची टीव्हीवर लई रडत व्हती."

"रडंल न्हाई तर काय! सगळी थुकत्यात तिच्या लेकावर."

म्हस्कूनं मान खाली घातली.

"मावशी, कोकरू कधीचं?" पुढच्या दोघांतल्या एकानं मागं वळून गजराबाईला विचारलं.

"ते विमान पडलं ना, तवाचंच. मेंढी अडली व्हती. ह्यांनीच सोडवली, तिकडं पाठ करून. धूर दिसला, मी वरडले, तवा कुठं ह्यांनी मान वळवली."

"म्हंजी तुमी बोरीचेच! मग तो मेंढपाळ कोण वो?"

"चल, निघू," म्हस्कू पुटपुटला. नंबर अजून आला नव्हता.

"थांबा की!" गजराबाई म्हणाली. "भाऊ, बोरीत मेंढरं आता आमचीच राह्यलीत."