भिंतीचे सहा सामने

(शनिवारची सकाळ. नैना ओहायोतल्या डब्लिनमध्ये, तिचे वडील मोरेश्वर नेपरव्हिलच्या घरी. फोनवर.)

नैना : ते नंतर सांग, बाबा. आधी सांग, आईचा फोन कुठंय?

मोरेश्वर : इथेच. टेबलावर, चार्जिंगला. का गं?

नैना : मी आत्ता गेम उघडला, तर आपल्या क्लॅनमधल्या खेळाडूंच्या यादीत आईच्या नावापुढे हिरवा ठिपका. ऑनलाइन. बाबा, आईला जाऊन सात आठवडे झालेत. माझ्या हातातली कॉफी सांडली.

मोरेश्वर : मी होतो तो.

नैना : आणि ट्रॉफी? सहा हजार बारा होत्या. आता पाच हजार सहाशे त्र्याण्णव दिसतायत.

मोरेश्वर : हरलो.

नैना : किती वेळा?

मोरेश्वर : अकरा.

नैना : अकरा! यार बाबा, एक हरल्यावर तरी थांबायचंस ना!

मोरेश्वर : मला वाटलं सरावाचं आहे. सरावात काही जात नाही, असं तीच सांगायची.

नैना : तू काय दाबलंस?

मोरेश्वर : ते मोठं पिवळं बटण. 'खेळा' लिहिलेलं.

नैना : ती खरी मॅच असते! समोर कोणीही अनोळखी येतं, हरलं की ट्रॉफी जातात. सराव फक्त ओळखीच्या माणसाशी होतो, त्याला आमंत्रण पाठवून. तीन वर्षं खेळलास ना तिच्याशी?

मोरेश्वर : आमंत्रण नेहमी तीच पाठवायची. माझ्या फोनवर 'स्वीकारा' यायचं, मी दाबायचो. सामना सुरू कसा करायचा ते मला कधी बघावंच लागलं नाही, नैना.

नैना : थांब, टिश्यू घेते.

मोरेश्वर : रडतेस का?

नैना : नाही. हो. बाबा, मी रोज कामाला जायच्या आधी ती यादी उघडते. तिचं तिथलं नाव 'वरणभात', पुढे सहा हजार बारा. बाकी सगळं बदललं. तू तिचे कपडेपण देऊन टाकलेस. तो आकडा तेवढा तिने ठेवला तसा होता.

मोरेश्वर : कपडे विनीता मावशी म्हणाली म्हणून दिले. मला काही सुचत नव्हतं.

नैना : माहितीय. सॉरी.

मोरेश्वर : क्लॅनमधल्या त्या टेक्सासच्या पोराने तिला विचारलं होतं, हे वरणभात म्हणजे काय. तिने त्याला कुकरच्या शिट्ट्यांसकट रेसिपी पाठवली.

नैना : आणि त्याने ती खरंच केली. फोटो टाकला होता. नुसतं पिवळं पाणी. पण तू खेळायला का गेलास? तुला तर हा गेम आवडतपण नाही.

मोरेश्वर : फ्रिजवर तिचा कागद आहे. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचा, त्याच्या मागे लिहिलंय. नवा डेक लावत होती ती. आठ पत्त्यांतले सात ठरले होते. आठवा तिरंदाज घ्यायचा की भिंत, ते ठरत नव्हतं.

नैना : मग?

मोरेश्वर : तिची पद्धत तुला माहीत नाही का? नवा डेक एकदम खऱ्या सामन्यात न्यायचा नाही. आधी माझ्याशी दहा सराव सामने. तिरंदाज घेऊन दहा, भिंत घेऊन दहा. प्रत्येकाची एक रेघ. जिंकली तर रेघेला टोपी घालायची.

नैना : टोपी?

मोरेश्वर : छोटीशी आडवी रेघ वर. हॉस्पिटलात औषध चढायला चार तास लागायचे. ती त्या खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर. नर्सबाईंना वाटायचं, नवरा-बायको बोलत कसे नाहीत, दोघं आपापल्या फोनमध्ये. आणि ही मध्येच म्हणायची, "अहो, झोपलात काय? माझा हत्ती तुमच्या दारात उभा आहे."

नैना : मलापण असंच चिडवायची.

मोरेश्वर : तिरंदाजाचे दहा झाले. सहा जिंकली. भिंतीचे चार झाले, आणि तिने फोन मांडीवर ठेवला. म्हणाली, उरलेले पुढच्या मंगळवारी. तो मंगळवार म्हणजे ती गेली आणि तू आलीस, तेव्हाचा.

नैना : हं.

मोरेश्वर : म्हटलं, सहाच तर आहेत. आपण संपवू. पहिला हरलो तेव्हा आकडा खाली गेलेला कळलाच नाही. सहा झाल्यावर पाहिलं. मग भरून काढायला आणखी पाच खेळलो.

नैना : ओ माय गॉड, बाबा.

मोरेश्वर : तू रागाव. मला चालेल.

नैना : ते सहा कागदावर मांडलेस?

मोरेश्वर : छे. ते कसे धरायचे? समोर मी नव्हतो.

नैना : ऐक. आईचा फोन राहू दे चार्जिंगला. त्याला आता हात लावू नकोस. तुझा फोन घे, मला स्पीकरवर टाक.

मोरेश्वर : टाकलं.

नैना : तिचा डेक मला माझ्या अकाउंटवर कॉपी करता येतो. सरावात सगळ्यांच्या पत्त्यांची ताकद सारखी धरतात, त्यामुळे माझे पत्ते कच्चे असले तरी चालतं. मी आईचा डेक खेळते, आठवी भिंत. तू तुझा तोच जुना घे.

मोरेश्वर : माझा कधी बदललाच नाही. तिला आवडायचं ते. म्हणायची, वजनकाटा सारखा हलत असेल तर वजन कसं कळणार?

नैना : आणि गेलेल्या ट्रॉफी?

मोरेश्वर : त्या परत येतील?

नैना : तिच्या जुन्या डेकने मी आणू शकते. चारपाच दिवसांत.

मोरेश्वर : नको. मी घालवल्या, तसंच दिसू दे. तुला चालेल का?

नैना : माहीत नाही. उद्या सकाळी बघीन. हं, आमंत्रण पाठवलं. आलं?

मोरेश्वर : आलं. 'स्वीकारा' म्हणतंय.

नैना : मग दाब ना.

मोरेश्वर : थांब, पेन्सिल आणतो.

नैना : बाबा? आहेस ना?

मोरेश्वर : आहे. फ्रिजपाशी आहे. भिंतीखाली चार रेघा आहेत, नैना. सहा राहिल्यात.