पाहुण्यांचा नारळ

‘डिनाउन्स’ हा शब्द मी कसा शिकलो, ते सांगतो. डोंबिवलीला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. दुकानातले रंगाचे डबे मी पार्किंगमध्ये ठेवतो, म्हणून सेक्रेटरी माझ्यावर भडकलेले. त्यांनी माईकवर माझं नाव घेतलं आणि कडक आवाजात म्हणाले, "वुई डिनाउन्स हिम!"

आमच्याकडे माईकवर नाव आलं की सत्कारच असतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, "अहो, उठा की! बोलावतायत." मी स्टेजवर गेलो. अध्यक्षही गोंधळले आणि सवयीने त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकून नारळ हातात दिला.

सेक्रेटरी कानाशी येऊन कुजबुजले, "शेठ, तुमचा जाहीर निषेध केलाय मी!"

"मग हे टाळ्या का वाजवतायत?"

"तेच मला कळेना! नारळ द्या परत, प्रमुख पाहुण्यांचा आहे तो."

पाहुणे पहिल्या रांगेत कॉलर नीट करत बसलेले.

मी म्हटलं, "देतो की! आधी माईकवर निषेध मागे घ्या. आणि इंग्रजीतच घ्या हां, पुन्हा टाळ्या पडतील."