तीन पायऱ्या वर लावलेला पियानो

मंडळी, ऐका. बाहेरच्या फळ्यावर लिहिलंय ध्रुवाख्यान. माझ्याच अक्षरात लिहिलंय. पण आज ध्रुव नाही! रागवू नका. कीर्तनाच्या पूर्वरंगात माझं लक्ष नव्हतं, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. दोनदा झांज चुकली. पहिल्या रांगेतल्या आजींनी तर माझ्याकडं पाहिलं आणि सरळ पिशवीतला वाती वळायचा कापूस काढला. बरोबर आहे त्यांचं. चार दिवस झाले, मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसलो की उठतो, पूजेला बसलो की उठतो. तेव्हा आज, जे आत सलतंय, तेच बोलणार.

प्रश्न साधा आहे. घरात एखादी वस्तू सगळ्यांसाठी म्हणून आणली – हार घातला, पेढे वाटले – म्हणजे ती सगळ्यांची झाली का?

माना डोलावू नका लगेच! आधी ऐका.

हे माझ्या उजव्या हाताला पेटीवर बसलेत ना, ते श्रीपादराव वैशंपायन. बावीस वर्षं माझी साथ करतात. दिवसा बँकेत, संध्याकाळी देवळात. आख्यान त्यांच्या घरचं आहे आणि त्यांना विचारून सांगतोय. श्रीपादराव, मान वर करा. चोरी नाही केलीत.

तर यांची मुलगी मृण्मयी. अकरा वर्षांची. ती बघा, खांबापाशी आईजवळ बसलीय. आता पेटीवाल्याची मुलगी काय शिकेल? पेटी! पण नाही. शाळेच्या सहलीत पाचगणीला तिनं एका घरातून पियानो ऐकला आणि तिथंच उभी राहिली. सगळी सहल पुढं गेली, ही कुंपणाला धरून! त्या घरात पेरीनबाई राहतात. सत्तरीच्या, एकट्या, पन्नास वर्षं पियानो शिकवणाऱ्या. बाईंनी खिडकीतून पाहिलं, आत बोलावलं. तेव्हापासून दर शनिवारी मृण्मयी एसटीनं घाट चढून पाचगणीला.

दोन वर्षं असं चाललं. मग बाई म्हणाल्या, आता परीक्षेला बसवते, पण घरी वाद्य पाहिजे. आठवड्यातून एक तास वाजवून बोटं तयार होत नाहीत.

झालं! वैशंपायनांच्या घरात पियानो घ्यायचं ठरलं. खरा पियानो नाही हो, दोन खोल्यांत तो ठेवायचा तर माणसं गच्चीवर झोपतील. विजेवरचा. डिजिटल.

तुम्हाला वाटेल, दुकानात जायचं आणि घ्यायचा. तीन रविवार पुणं! पेरीनबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं – अठ्ठ्याऐंशी कीज पाहिजेत, म्हणजे पांढऱ्या-काळ्या मिळून अठ्ठ्याऐंशी. दाबताना बोटाला जड लागल्या पाहिजेत, खऱ्या पियानोसारख्या. आणि हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात बोलला पाहिजे. मृण्मयीच्या आईनं, सुलभावहिनींनी, त्यात भर घातली – खिडकीखाली मावला पाहिजे, आणि हेडफोन लावता आला पाहिजे, भिंतीपलीकडं आजारी माणूस आहे. शिवाय त्यांना स्वतःलाही त्यावर गायचं होतं. महिला मंडळात भजनं म्हणतात त्या. घरी कुणी सूर धरून द्यायला नसतं, कारण सूर धरणारा माणूस माझ्याकडं असतो!

आता दुकानातलं दृश्य बघा. श्रीपादराव पियानोपुढं बसले. उजवा हात छान फिरतोय. आणि डावा? डावा हात हवेत – असा, असा – भाता मारतोय! विक्रेता विचारतो, काका, हाताला काही त्रास आहे का? हसा, हसा. ते स्वतः हसतात.

मग बसली मृण्मयी. दहा-बारा पियानो वाजवून झाल्यावर एका साध्या, तपकिरी पियानोपाशी ती थांबली. एक की दाबली, अगदी हळू. मान खाली घालून कान लाकडाला लावला. पुन्हा दाबली. वहिनी सांगतात, तिचा चेहरा तसा त्यांनी कधी पाहिला नव्हता. ठरलं ना मग? घ्यायचा ना?

थांबा. श्रीपादरावांचा एक प्रश्न राहिला होता.

हे जरा समजावून सांगतो, कारण सगळी गोष्ट इथं अडकलीय. प्रत्येक गाणाऱ्याचा सा एका ठरावीक जागी बसतो. त्या जागेला आपण म्हणतो पट्टी. माझी पट्टी काळी दोन. श्रीपादराव शिकले स्केल चेंजर पेटीवर. त्या पेटीची सोय अशी, की बोटं नेहमीच्या पांढरी एकपासून चालवायची आणि खालची पाटी सरकवली की आवाज यावा काळी दोनचा. गाणारा बदलला, पाटी सरकवा. बोटांची सवय मोडायला नको! डिजिटल पियानोत तसंच बटण असतं. दाबलं की सगळं वाद्य पायरी पायरीनं वर. पांढरी एकवरून काळी दोनला जायला तीन पायऱ्या.

श्रीपादरावांनी विचारलं, हे तीन आकडा लावून ठेवला, तर बंद करून पुन्हा चालू केल्यावर राहतो का?

विक्रेता म्हणाला, या तपकिरीत नाही राहत, हा विसरतो. तो काळा मात्र लक्षात ठेवतो.

आणि श्रीपादराव म्हणाले, विसरणारा नको. रोज रोज कोण बटण दाबणार? सकाळी बँकेत जाण्यापूर्वी मला अर्धाच तास मिळतो.

मृण्मयीनं तपकिरीवरचा हात काढून घेतला. म्हणाली, बाबा, तुम्हाला आवडेल तो घेऊ.

मंडळी, शहाणी मुलं असं बोलली की आपल्याला बरं वाटतं! समंजस आहे म्हणतो. आपण त्या वाक्याच्या आत कधी डोकावतो का?

काळा पियानो घरी आला. हार, पेढे. मलाही बोलावलं. श्रीपादरावांनी तीन आकडा लावला आणि मला म्हणाले, बुवा, म्हणा. मी म्हटलं. अहाहा! काळी दोन, सुईच्या अग्रावर! मी वहिनींना म्हणालो, काय नशीबवान घर आहे हो तुमचं. तेव्हा मला, खरं सांगतो, फार अभिमान वाटला. माणसानं घरचं वाद्य घेताना माझा विचार केला! पेढा खाल्ला, दुसराही खाल्ला.

पुढं काय झालं? पेरीनबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दीड महिना भावाकडं मुंबईला. जाताना परीक्षेत वाजवायची नवी गत देऊन गेल्या – पुस्तकात बघून बसव, तुला येईल. मृण्मयी रोज शाळेतून आली की कानाला हेडफोन लावून दोन तास बसायची. बाहेर काही ऐकू नाही. बाप बँकेत, आई स्वयंपाकात. कीज बरोबर, बोटं बरोबर, पुस्तक बरोबर – आणि कानात पडणारा प्रत्येक सूर तीन पायऱ्या वर! पियानोवरच्या काचेत तो तीन आकडा दिसायचा, पण तिला वाटलं, यंत्राचा काहीतरी आकडा असेल. कुणी सांगितलं होतं तिला?

सुलभावहिनीही बसल्या एकदा. मंडळात त्यांना सांगितलेलं, पांढरी पाचपासून सूर घ्या. घेतला. अंतऱ्याला गळा चिरकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिरकला. चाळिशी उलटली, गळा गेला म्हणाल्या, आणि मंडळात जायचं बंद केलं. घरात कुणाला सांगितलंही नाही.

आणि परीक्षा आली. पुण्यात, मोठं दालन, खराखुरा पियानो, समोर परीक्षक. मृण्मयीनं पहिल्या ओळीवर हात ठेवला. थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. बोटं म्हणतायत बरोबर, कान म्हणतोय चूक! कान तरी कसला? पेटीवाल्याच्या पोरीचा! त्या कानाला ती गत दीड महिना एकाच जागी ठाऊक होती, आणि ती जागा इथं नव्हती. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तो खाली गेलाच नाही. उठली, नमस्कार केला, बाहेर आली. बापाला म्हणाली, "बाबा, मी बेसूर आहे."

श्रीपादरावांनी समजूत घातली. भीती वाटली असेल, पुढच्या वेळी होईल, आइस्क्रीम खाऊ. घरी आल्यावर मुलीनं पियानोवर चादर घातली. पंधरा दिवस तिनं ती चादर काढली नाही. सकाळी बाप चादर सारून वाजवायला बसला की पोर घरातून निघून जायची, देवळामागं नदीच्या घाटावर जाऊन बसायची. ज्या मुलीनं कुंपणाला धरून पियानो ऐकला, तिला आता त्याचा आवाज सोसेना! मी विचारायचो, मृण्मयी कशी आहे? श्रीपादराव म्हणायचे, ठीक. आणि मी म्हणायचो, बरं, मग घ्या काळी दोन.

ऐकताय ना? मी म्हणायचो!

गेल्या रविवारी पेरीनबाई आल्या. डोळ्यावर काळा चष्मा, हातात काठी, घाट उतरून एसटीनं. शिष्या का येत नाही ते बघायला. आल्या त्या सरळ पियानोपाशी. चादर काढली, पियानो चालू केला, एकच की दाबली. पांढरी एक. आणि मान वाकडी करून थांबल्या. मग चष्मा वर करून काचेजवळ डोळा नेला. विचारलं,

"हे तीन कोणाचे?"

बघा मंडळी, कशाचे नाही विचारलं. कोणाचे!

घरात सगळे उभे. श्रीपादरावांना सगळं एका क्षणात कळलं. ते म्हणाले, "बुवांचे."

बाईंनी बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि सरकून बाकावर जागा केली. मृण्मयी दाराशी होती. किती वेळ आली नाही ती. मग आली, बसली, पहिली ओळ वाजवली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली. बाई म्हणाल्या, तुझा कान चांगला हाय, पोरी, म्हणून तर तू थांबली. वाईट कान असता तर वाजवून टाकलं असतं.

संपलं? सुखाचा शेवट? प्रसाद घेऊन निघायचं? बसा! ती मुलगी आज पुन्हा वाजवते, हो. पण बसल्यावर आधी काचेत वाकून बघते. आणि शून्य दिसलं तरी आईला विचारते, हा सूर खरा आहे ना? हे काही बटणानं जात नाही. ते माझ्या नावावर आहे.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, चूक पेटीवाल्याची, तुम्ही का तळमळता? श्रीपादरावांचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही! तीन रविवार पायपीट केली त्या माणसानं. पण बावीस वर्षं दुसऱ्याच्या पट्टीत राहिला की माणसाला तीच घराची पट्टी वाटायला लागते. मग बायकोचा गळा चिरकतो, ती म्हणते वय झालं. पोरगी अडते, ती म्हणते मी बेसूर. आकड्याकडं कुणी बघत नाही. ज्याचा आकडा लागलेला असतो तो तर मुळीच नाही. तो पेढे खात असतो.

मी सोमवारी यांना विचारलं, श्रीपादराव, तुमची पट्टी कोणती? बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं! हसले. म्हणाले, पेटीवाल्याला कसली पट्टी? मी सोडलं नाही. मग म्हणाले, लहानपणी गायचो थोडं, पांढरी एकात.

पांढरी एक! म्हणजे शून्य. या माणसासाठी काही सरकवायलाच नको होतं.

तर मंडळी, तुमच्या घरी पियानो नसेल. जेवायची वेळ आहे ना? टीव्हीचा आवाज आहे? पोरानं काय शिकायचं, सून कधी माहेरी जायची, पंखा कितीवर फिरायचा – आकडा लागलेला आहे! कुणाचा आहे? आणि घरात स्वतःला बेसूर समजून कोण गप्प बसलंय? आज घरी गेल्यावर चादर उचलून बघा. आकडा कुणाचा ते सापडलं नाही तर जास्त घाबरा, कारण मग तो बहुतेक तुमचाच असेल.

आता गजर करायचा आणि उठायचं. मृण्मयी, इकडं ये बाळ. पेटीपाशी बस. आज बाबा पेटी वाजवणार नाहीत, गाणार आहेत. नाही म्हणू नका, श्रीपादराव, मी ही वीणा तुमच्या गळ्यात घालतोय. पाटी सरकव, मृण्मयी, सगळी मागं घे. पांढरी एक. इतक्या खाली माझा आवाज बसतो, घोगरा होतो, कुणाला ऐकूसुद्धा जाणार नाही. हरकत नाही.

दे सूर. खरा आहे, बाळ, मी ऐकतोय. श्रीपादराव, तुम्ही म्हणा. मी मागून येतो.