हिरवा गोल

दातांच्या दवाखान्यात आठवा नंबर धरून बसलेल्या मुलीनं पुस्तकात डोकं खुपसलं होतं, पण कान मात्र शेजारच्या दोन खुर्च्यांवर पाठवून दिले होते. तिथे सुजल्या गालाची एक ताई मावशीला मोबाइल दाखवत होती.

“बघ मावशी, उपग्रहातून आपलं शहर! कुठे घरं, कुठे शेत, कुठे मैदान, हे ऑफिसात मी चित्रावरून ठरवते.”

“तू? तुला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही!”

“गप गं. हा हिरवा गोल म्हणजे मैदान. इथे आता शाळा होणार आहे.”

“हा? दोन टेकड्यांमधला?”

“हो.”

“अगं बये, हे तर तळं!”

“काहीतरीच! पाणी वरून काळं दिसतं.”

“जलपर्णीनं झाकलंय ते! आमच्या शेजारणीची शेळी गवत समजून उतरली, ती वर आलीच नाही.”

“मावशी… उद्यापासून तिथे भराव टाकणार आहेत.”

“टाकणाऱ्यांना पाणी दिसेल की!”

“दिसेल. पण ते कागद बघून टाकणार, आणि कागदावर मैदान आहे, खाली माझी सही आहे.”

“सात नंबर, आत या!”

“ऊठ, आधी दात काढून घे.”

“दात राहू दे. साहेबांना फोन लावते.”

“नोकरी जाईल गं!”

“हॅलो, साहेब? चूक माझी आहे. ते तळं आहे.”

बोलत बोलतच ताई जिना उतरली. मावशी पर्स सावरत मागे धावली.

“बरं, मग आठ नंबर!”

मुलगी जिन्याकडे वळून बघतच आत जाऊन खुर्चीत बसली.

“वा!” डॉक्टर म्हणाले. “आज न सांगताच तोंड उघडलंस!”