तिसऱ्या प्रश्नाला फाटक उघडेल

हे दीनदयाळा, जिभेला सत्य दे आणि चेहऱ्याला थोडी लाज राहू दे. तुझ्या चरणी माथा टेकवून बोलायला लागतो.

तर सज्जनहो, त्या साखळीचं मी काय वाकडं केलं होतं, सांगा! शाळेचं फाटक, फाटकाला मोटारसायकल बांधायची मनगटाएवढी जाड साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपासमोर मी. सत्तरी उलटलेला, बत्तीस वर्षं त्याच शाळेत प्राचीन ग्रीक शिकवलेला, ग्रीसमधल्या व्होलोस शहरात आमच्या चर्चमध्ये डाव्या हाताला उभा राहून स्तोत्रं गाणारा एव्हस्ताथिओस, कोटाची सगळी बटणं लावून! आणि ऊन काय, कोट काय, आतून माझीच नात हसतेय... लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

मुलांनी शाळा ताब्यात घेतली होती. आता आमच्याकडे त्यात नवल ते काय? शरद ऋतूत संत्र्यांना रंग चढतो, तशी शाळांच्या फाटकांना साखळी चढते. मुलं सभा भरवतात, हात वर करतात, मतं मोजतात, आत गाद्या टाकतात आणि मास्तरांना बाहेर ठेवतात. या खेपेला कारण काय? तर गणिताला मास्तर नाही. सप्टेंबरपासून नाही, नोव्हेंबर उजाडला तरी नाही. जूनमध्ये विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. ज्यांची ऐपत आहे त्यांची लेकरं संध्याकाळी शिकवणीला जातात, उरलेली फळ्याकडे बघत बसतात. इतकं साधं दुखणं! पण साधं दुखणं दिसायला डोळे लागतात, आणि माझ्या डोळ्यांवर अडीच हजार वर्षांचा चष्मा...

रविवारची प्रार्थना झाली, चर्चच्या मागच्या दालनात कॉफी चालली होती. मुख्याध्यापिका पोलिक्सेनीबाई जवळजवळ रडकुंडीला आलेल्या. "सर, आठवडा झाला हो! ऐकतच नाहीत!" झालं! आम्ही कप खाली ठेवला, छाती पुढे काढली. "अहो बाई, रडता काय? औषध आपल्या मातीतच आहे! सॉक्रेटिसनं बाजारात उभं राहून नुसते प्रश्न विचारले आणि भल्याभल्यांची बोलती बंद केली. मी तीन प्रश्न विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला फाटक उघडलं नाही, तर नाव बदलीन!"

आमचे पुरोहित पापा-गेरासिमोस दाढीतल्या दाढीत खोकले. "सर... मागच्या महिन्यात कचराकुंडीच्या भांडणातसुद्धा तीनच प्रश्न विचारले होते ना?"

तुम्हाला सांगतो, माणसानं दुसऱ्याच्या जखमेवर इतकं नेमकं बोट ठेवू नये, त्यातून पुरोहितानं तर नाहीच! झालं होतं काय, की आमच्या गल्लीतले दोन शेजारी, कुंडी कुणाच्या दारापुढे ठेवायची यावरून अकरा वर्षं बोलत नव्हते. मी दोघांना समोरासमोर आणलं आणि विचारलं, "शेजारी म्हणजे काय?" एक म्हणाला, "म्हणजे हा नव्हे." दुसरा म्हणाला, "म्हणजे याच्या उलट." मी दुसरा प्रश्न विचारला, तशी अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. कशावर? माझ्यावर! आता कुंडी माझ्या दारापुढे असते. लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

तर सोमवारी सकाळी गेलो फाटकाशी. गजांच्या आत पंचवीस-तीस पोरं, आणि सगळ्यांत पुढे कोण? आमची मिर्तो! लेकाची लेक, सतरा वर्षांची, माझ्याच टेबलावर दर रविवारी जेवणारी! "आजोबा, कोट कशाला? कुणाचं बारसं आहे का आज?"

मी तिकडे लक्षच दिलं नाही. बाहेरच्या बाजूला आर्गिरिस उभा होता. शाळेची कॅन्टीन चालवणारा. कॅन्टीन आत कुलपात अडकलेली, म्हणून बिचारा फाटकाशी परात घेऊन गजांमधून पोरांना कुलुऱ्या, म्हणजे आमच्याकडची तीळ लावलेली पावाची गोल कडी, विकत होता. मी घसा साफ केला. "पहिला प्रश्न! विद्यार्थी म्हणजे कोण?"

"शिकतो तो," मिर्तो म्हणाली.

"वा! दुसरा प्रश्न! मग जो शाळाच बंद करतो, तो शिकतो का?"

बघा, काय पेच टाकला होता! आता गप्प होतील, माना खाली घालतील, आणि मग मी तिसरा प्रश्न विचारला की...

"आजोबा, थांबा. आता आमची पाळी. शाळा म्हणजे काय?"

"जिथं शिकवतात ती जागा."

"आणि जिथं शिकवायला माणूसच नाही?"

"ती... ती मग शाळा कशी म्हणायची?"

"म्हणजे गणिताच्या तासाला ही शाळा नसते?"

"नसते," मी म्हणालो. काय करणार? तर्क तर सरळ होता हो!

"मग आजोबा, सप्टेंबरपासून ती बंदच होती की. आम्ही फक्त कुलूप लावलं, बाहेरून लोकांना दिसावं म्हणून. आता सांगा, शाळा बंद कुणी केली?"

आतून टाळ्या! एकानं तर मला गजांतून पाण्याची बाटली दिली, "सर, घोटभर घ्या, घाम आलाय." सज्जनहो, हे कुणी शिकवलं तिला? मी! रविवारी जेवताना, कोंबडीचा तुकडा हातात धरून, "बाळ, विचार, विचारत राहा" असं कुणी सांगितलं? मी! आणि त्या क्षणी माझ्या तोंडून काय बाहेर पडलं?

"गप्प बस! मोठ्यांना प्रश्न विचारतेस?"

पोरं हसलीसुद्धा नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.

मग आर्गिरिस हळूच म्हणाला, "सर, हेच वाक्य. शब्द न् शब्द हेच."

"कुठलं हेच?"

"तुम्ही मलासुद्धा म्हणाला होतात. एकोणतीस वर्षं झाली. तुम्ही सॉक्रेटिसचा शेवट शिकवत होतात, तो विषाचा पेला, तुमचे डोळे भरून आले होते. मी हात वर केला. विचारलं, सर, तो आपल्या वर्गात असता तर तुम्ही त्याला बसू दिलं असतं का? तुम्ही हेच म्हणालात आणि दाराकडे बोट दाखवलंत."

"मग?"

"मग काय? उत्तर मिळालं मला. व्हरांड्यात." आणि परात पुढे केली. "कुलुरी घ्या सर, ताजी आहे. मी तेव्हापासून कुठल्याच तासाला हात वर केला नाही, एवढंच."

रागावला असता तर मी काहीतरी बोललो असतो. तो कुलुरी देत होता! आणि मला, तुमची शपथ, तो आठवतसुद्धा नव्हता. बत्तीस वर्षं दर परीक्षेत मी विचारायचो, "अथेन्सला सॉक्रेटिसची भीती का वाटली?" आणि जो माझं उत्तर जसंच्या तसं लिहील त्याला वीसपैकी वीस! दर रविवारी मी देवापुढे गातो, मी अपराधी आहे, मी अपराधी आहे. सूर इतका नेमका लागतो की बायका डोळे पुसतात. पण कोणता अपराध, हे मला कधी ठाऊकच नव्हतं हो... तो फाटकाशी कुलुऱ्या विकत होता.

मी कोटाचं वरचं बटण काढलं. "आर्गिरिस, नसतं बसू दिलं. त्यालाही हाकललं असतं. चुकलो रे बाळा."

तो खाली बघून परातीतले तीळ झाडायला लागला. मग मी मिर्तोकडे वळलो आणि तिसरा प्रश्न विचारला. ठरवलेला नव्हे, तो तर पार विसरून गेलो होतो.

"मी आत येऊ का? मागच्या बाकावर बसेन."

पोरांनी तिथंच सभा भरवली, हात वर केले, मतं मोजली. आर्गिरिसनंही बाहेरून हात वर केला. त्याचं मत धरायचं की नाही यावर वाद झाला, आणि धरलं! साखळी खळखळली, फाटक उघडलं. बघा, तिसऱ्या प्रश्नाला! माझं नाव वाचलं!

इतक्यात पोलिक्सेनीबाईंचा फोन. "सर! उघडलं का हो?"

"उघडलं, बाई."

"देवाची कृपा! मग मी शिक्षकांना बोलावू ना?"

"नको बाई. मी आत आलो आणि त्यांनी परत लावलं."

लाज वाटते सांगायला, पण सांगतो: वरच्या कार्यालयाला गणिताच्या मास्तरासाठीचं पत्र माझ्याच अक्षरात गेलंय, उत्तर अजून नाही, आणि उद्यापासून फाटकावर सकाळची पाळी माझी आहे. तुम्हा सर्वांचं कल्याण असो. घरोघरी तेल, भाकरी, आरोग्य पुरून उरो. प्रत्येक घरी एक तरी प्रश्न विचारणारं लेकरू असो, त्याला बसायला जागा मिळो... आणि माझ्यासारखा आजोबा तिथं असलाच, तर तो कुलपाच्या आतल्या बाजूला असो.