पलीकडच्या किनाऱ्यावरचा व्हॉल्व्ह

सन्माननीय अध्यक्ष संभाजीराव, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या सीमंतिनीताई, मंडळाचे सर्व पदाधिकारी, आणि दाना ओली, कंपू, जयेंद्रगंज इथून एवढ्या उन्हात आलेल्या माझ्या ग्वाल्हेरकर बंधुभगिनींनो,

माझ्या निवृत्तीनिमित्त आपण हा सत्कार ठेवलात. मघापासून माझ्याविषयी बरंच चांगलं बोललं गेलं. मी ऐकत होते. कुणा दुसऱ्याच मधुवंतीबद्दल चाललंय असं वाटत होतं. येताना माझी भाची हर्षिता गाडीत विचारत होती, "मावशी, तेव्हा तुला डर नहीं लगा?" नाही गं. काहीच वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही.

आपल्या गावाला समुद्र नाही, आणि इथल्या मुलीने समुद्राच्या तळाशी घातलेल्या गॅसच्या पाइपलाइनवर नोकरी केली, याचं आपल्याला कौतुक. दोन देशांनी मिळून ती पाइपलाइन घातली होती. गॅस त्यांचा, चुली आपल्या. नियंत्रण कक्ष दोन्ही किनाऱ्यांवर. त्यांच्याकडे यूसुफ नावाचे इंजिनिअर होते. रोज सकाळी आम्ही फोनवर दोन्हीकडचा दाब ताडून पाहायचो. मग ते विचारायचे, आज डब्यात काय? त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही.

पुढे दोन्ही सरकारांचं बिनसलं. थेट बोलायचं नाही, जे काही ते मंत्रालयामार्फत, असा आदेश आला. फोन थांबले. गॅस तेवढा वाहत राहिला.

त्याच दिवसांत एका मालवाहू जहाजाचा नांगर पाइपवरून घासत गेला. तपासायला आपलं जहाज गेलं, दोन पाणबुडे खाली उतरले, आणि पाइपला गेलेला तडा फाटला. जहाजाभोवतीचं पाणी उकळल्यासारखं दिसू लागलं. एक ठिणगी पुरली असती. पण माणसं खाली ठेवून जहाज हलणार कसं? गॅस थांबवणारा व्हॉल्व्ह यूसुफांच्या हाती. मी मंत्रालयात कळवलं. उत्तर आलं, रीतसर प्रस्ताव पाठवा.

मी काय करायला हवं होतं, सांगा? फोन लावला. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"खाली माणसं आहेत?"

"दोन."

"बंद करतो. तुम्ही फोन ठेवा, म्हणजे आपण बोललोच नाही असं सांगता येईल."

पाणबुडे वर आले. जहाज सुखरूप परतलं. माझी चौकशी झाली, ताकीद मिळाली. पुढे साहेब बदलले आणि त्याच कामासाठी पदक मिळालं. यूसुफांना मात्र परवानगीशिवाय पुरवठा तोडला म्हणून नोकरीवरून काढलं. पाइपलाइन पुन्हा सुरू झालीच नाही. त्यांचा नंबर बंद लागतो. आधी रोज लावायचे, मग सणावारी. आता लावत नाही. रडू येईल असं वाटायचं, तेही आलं नाही.

कार्यक्रमाआधी आपल्यातल्याच एकांनी फार आदबीने सुचवलं की सध्याचे दिवस पाहता पलीकडच्या माणसाचं नाव नको. त्यांची अडचण मला कळते. मी मान डोलावली होती.

असो. आपण सर्वजण वेळ काढून आलात, मायेने ऐकून घेतलंत, याबद्दल मंडळाची आणि आपली मी मनापासून आभारी आहे. बोलताना कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. एक नाव मात्र चुकून आलेलं नाही. ते पुरं सांगते आणि आपली रजा घेते.

यूसुफ हारिब.

नमस्कार.