करंगळी आणि बाईंची खिडकी

सन्माननीय अध्यक्ष, या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. प्रमुख पाहुणे, आरोग्य विमा कचेरीचे निवृत्त संचालक साहेब. आजच्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या खिडकीवाल्या बाई. कर्मचारी मंडळी, आणि मागे सवयीनं रांग धरून बसलेले माझे म्हातारे सोबती,

पत्रिकेत माझ्यापुढे ‘लाभार्थी’ असं छापलंय. खरे लाभार्थी माझे यजमान. ते आता नाहीत, म्हणून त्यांच्या जागी मी. मला सांगितलंय, योजनेबद्दल चार चांगले शब्द बोला. बोलते. योजना चांगलीच आहे. आत शिरता आलं तर.

यजमान पुस्तकं बांधायचे. छापून आलेले सुटे फर्मे शिवता शिवता मी वाचायला शिकले. त्यामुळे पुष्कळ गोष्टींचा शेवट मला ठाऊक आहे, सुरुवात मात्र कधी हाती आलीच नाही. असो.

त्यांच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. हे म्हणाले, "जुन्या पुस्तकाला नवी बांधणी कशाला? राहू दे." घर विकावं लागेल म्हणून घाबरले होते, मला का कळत नव्हतं? मग शेजारणीनं सांगितलं, म्हाताऱ्यांसाठी सरकारी विमा आहे, कार्ड तेवढं काढा.

कार्डाला अंगठा लागतो. आणि कागदाच्या घड्या दाबून दाबून यांचा अंगठा झालेला गुळगुळीत. मशीन म्हणे, ओळख पटत नाही. ज्या माणसाशी मी जन्मभर भांडले, त्याची ओळख त्या डबीला पटेना! जिथे जावं तिथे ‘नंतर या’. हृदयाला कुणी सांगायचं, नंतर ये म्हणून?

शेवटी या रुग्णालयात, या बाईंच्या कार्डाच्या खिडकीशी आलो. बाई फार प्रेमळ आहेत, असं आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. कुणाबद्दल बोलत होते कोण जाणे. आमच्यावर तर पहिल्याच वाक्याला खेकसल्या.

"आजोबा, ती घंटी नाही. केवढं दाबता!"

"दाबायचीच सवय हो, बाई."

"दुसरं बोट द्या."

"चालतं?"

"दहा आहेत ना? मग!"

कुठलंही बोट चालतं, नियमातच आहे. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. बाई एकेक बोट पुसून लावत गेल्या. मागची रांग कुरकुरली, तर तिच्यावरही खेकसल्या. अखेर डावी करंगळी लागली. हे केवढ्यानं हसले! म्हणाले, "जन्मभर हे एकच बोट कामचुकार निघालं, आणि तेच वाचवतंय बघ मला."

ऑपरेशन झालं. त्यानं ते काही अमर झाले नाहीत. दोन वर्षांनी गेले, झोपेत, स्वतःच्या घरात. पण ती दोन वर्षं आम्ही मनसोक्त भांडलो. चहात साखर किती, झोपताना खिडकी उघडी की बंद. विम्याची किंमत मला विचाराल तर ती एवढी. हल्ली खिडकी माझ्या मनासारखी बंद असते. मजा येत नाही.

आता मुद्द्याचं. बाईंच्या जागी कुणी येणार नाही, उद्यापासून खिडकी बंद, सगळं मोबाईलवर आणि दालनातल्या नव्या मशीनवर, असं मघाशी जाहीर झालं. टाळ्याही पडल्या. मग पाहुण्यांनी उद्‌घाटनाचा अंगठा लावला. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. साहेब, लाजू नका, वयानं होतं असं. योजना तुम्हीच आणलीत म्हणे, आणि तिनं तुम्हालाच ओळखलं नाही! तेव्हा व्यासपीठावरून कोण उठलं? सत्कारमूर्ती. हातात गुच्छ तसाच. म्हणाल्या, "साहेब, दुसरं बोट द्या."

हे वाक्य मोबाईलमध्ये कुठे दाबलं की ऐकू येतं? अध्यक्षसाहेब, उत्तर तुमच्या भाषणात द्या. माझ्यानंतर तुमचंच आहे, मी पत्रिका वाचून आलेय.

उत्तर मिळेपर्यंत आमचं ठरलंय. बाईंना विचारलं, आता घरी काय करणार? म्हणाल्या, "घरी खेकसायला माणूस कुठंय?" तेव्हा उद्या सकाळपासून त्या मशीनशेजारच्या बाकावर आम्ही दोघी. त्या खेकसतील, मी बोटं पुसेन. खिडकी उघडली, की उठू.

मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. जास्त बोलले असेन तर पदरात घ्या. कमी वाटलं असेल, तर उद्या बाकावर या.